आपलंच नाणं खोटं?

‘लाओशी, इंग्रजी राहू दे, मला साधे पैसेसुद्धा मोजता येत नाहीत. वय झालं. डोकं चालत नाही.’

हे मी इतक्या जणांकडून ऐकलंय, की पहिल्या दोन शब्दांवरूनच पुढचं कळतं. मी राहते न्यूयॉर्कमध्ये, क्वीन्समधल्या जॅक्सन हाइट्सला. तिथून सात नंबरची ट्रेन पकडायची. इकडे साडीची दुकानं आणि पाणीपुरी, तिकडे शेवटच्या स्टेशनवर उतरलं की फ्लशिंग आणि डोक्यावर चिनी पाट्या. तिथल्या एका केंद्रात नव्यानं आलेल्या लोकांशी बोलायचं माझं काम. लाओशी म्हणजे शिक्षक. मी शिक्षिका नाही, समुपदेशक आहे, हे सांगणं मी केव्हाच सोडून दिलं.

लोक येतात ते झोप लागत नाही म्हणून, सुनेशी पटत नाही म्हणून. अर्ध्या तासानं गाडी पैशांवर येते. पैसे कमी पडतात यावर नव्हे (ते पडतातच), पैशांच्या शब्दांवर. एक गृहस्थ अडचणीतल्या शेजाऱ्याला पन्नास डॉलर द्यायला गेले आणि ‘बॉरो’ म्हणाले. शेजाऱ्याला वाटलं, हेच मागायला आलेत. चिनीत उसनं घेणं आणि उसनं देणं, दोन्हींना ‘जिए’ हा एकच शब्द. दुसऱ्या एक बाई दुकानात सुट्टे परत देताना म्हणायच्या, ‘आय फाइंड यू थ्री डॉलर.’ कारण चिनीत सुट्टे देणं म्हणजे ‘झाओ’, आणि झाओचा मूळ अर्थ शोधणं. गिऱ्हाईक खाली वाकून फरशीवर बघायचं.

सगळ्यांचा शेवट मात्र तोच: डोकं चालत नाही.

आज सांगते ती गोष्ट एका बाईंची. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत. केंद्रातली दुभाषी मुलगी त्यांना ‘आयी’ म्हणायची. चिनीत वडीलधाऱ्या बाईला आयी म्हणतात, आपल्या मावशीसारखं. माझ्या कानाला ते ‘आई’च ऐकू यायचं, आणि वयानं त्या माझ्याहून फार मोठ्या नसल्या तरी मीही आयीच म्हणू लागले.

आयींनी फुजियान प्रांतात एका हार्डवेअरच्या दुकानाचा हिशेब अठरा वर्षं सांभाळला होता. सुआनपानवर, म्हणजे मण्यांच्या चौकटीवर, त्यांची बोटं अशी चालायची की बघत राहावं. इथे त्या एका लाँड्रीत गल्ल्यावर होत्या. एका संध्याकाळी गिऱ्हाइकानं मोड मागितली आणि यांनी दहा सेंटच्या डाइमच्या जागी पाच सेंटचे निकल मोजून दिले. तो माणूस सगळ्यांसमोर काहीतरी बोलला. काय बोलला ते त्यांना नीट समजलंही नव्हतं, पण लोक हसले ते समजलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मागच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालायचं काम मागून घेतलं.

‘अठरा वर्षांत दहा पैशांची चूक नाही,’ त्या म्हणाल्या. ‘आणि इथे पाच वर्षांच्या नातवाला येतं ते मला येत नाही. मला यायलाच हवं.’

दुभाषी मुलीनं ते वाक्य इंग्रजीत सांगितलं, आणि मी ते मनात मराठीत ऐकलं, त्या ‘च’सकट. मी ज्या परंपरेत शिकले ती मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची. त्यांनी आयुष्यभर याच शहरात बसून लोकांच्या बोलण्यातले हे ‘च’ वेचले. ‘यायला हवं’ आणि ‘यायलाच हवं’ यांत एका अक्षराचं अंतर, पण रात्रीची झोप त्या अक्षरात जाते. इंग्रजीत त्यासाठी वेगळं क्रियापद शोधावं लागतं. आपल्याकडे ते शेपटीसारखं शब्दाला लटकलेलं असतं, लगेच हाताला लागतं. माझ्या इथल्या सहकाऱ्यांना मी हे मोठ्या तोऱ्यात सांगत असते.

पण ‘च’ दाखवून तो सुटत नाही. पहिल्या दोन बैठकांत मी तेच केलं आणि आयी नम्रपणे मान हलवत राहिल्या.

तिसऱ्या वेळी मी त्यांना चिल्लर घेऊन यायला सांगितलं. त्यांनी प्लॅस्टिकची पिशवी टेबलावर उपडी केली. मी म्हटलं, ‘यातलं सगळ्यात कमी किमतीचं कोणतं, विचार न करता सांगा.’ त्यांनी सगळ्यात लहान नाणं उचललं, आणि क्षणात चेहरा लाल झाला. तो डाइम होता. दहा सेंट. पाच सेंटचा निकल त्याहून मोठा आणि जाड, एक सेंटची पेनीसुद्धा त्याहून मोठी.

‘आता चष्मा लावा आणि किंमत कुठे लिहिलीय ते शोधा.’

त्यांनी एकेक नाणं उलटसुलट केलं. पेनीवर ‘वन सेंट’, निकलवर ‘फाइव्ह सेंट्स’, मोठ्यावर ‘क्वार्टर डॉलर’, सगळं अक्षरांत. आकडा आहे तो फक्त सालाचा. आणि डाइमवर? ‘वन डाइम’. म्हणजे कुणी विचारावं ‘तू कोण?’ आणि उत्तर यावं, ‘मी म्हणजे मी.’

आयी बराच वेळ ते नाणं बघत राहिल्या. त्यांच्या देशातल्या नाण्यावर भला मोठा 1 नाहीतर 5 असतो, पुढे युआन किंवा जिआओ. दहा जिआओंचा एक युआन, नाव वाचलं की किंमत कळली. इथली नाणी म्हणजे घरातल्या मुलांसारखी, पाळण्यातलं नाव एक आणि हाक मारायचं भलतंच. निकल हे तर धातूचं नाव, आणि त्या नाण्यात पंचाहत्तर टक्के तांबंच. डाइम लहान, कारण 1964 पर्यंत तो चांदीचा पाडत. दहा सेंटांना चांदी येणार ती किती? चांदी गेली, आकार राहिला.

‘म्हणजे हे त्यांनी अवघड करून ठेवलंय,’ आयी हळूच म्हणाल्या.

मला वाटलं, झालं काम. नव्हतं झालं. पुढच्या वेळी त्या पुन्हा म्हणाल्या, ‘पण बाकीच्यांना येतंच ना.’ आपलंच नाणं खोटं अशी आपल्याकडे म्हण आहे. माणूस एकदा स्वतःविषयी ते ठरवून बसला की बाहेरचा कितीही पुरावा त्याला पुरत नाही. हे मला पुस्तकांतून माहीत होतं. तरी दर वेळी मी पुरावा देऊन बघतेच.

खरं घडलं ते माझ्या चुकीमुळे. सहजच म्हणून मी त्यांना चिनी पैसे शिकवायला सांगितले. त्या सावरून बसल्या. बोलताना युआनला ‘ख्वाय’ म्हणायचं, म्हणजे तुकडा. जिआओला ‘माओ’, म्हणजे केस. मी वहीत लिहून घेत होते. मग त्यांनी विचारलं, ‘यी बाय वू म्हणजे किती?’ यी एक, बाय शंभर, वू पाच. मी म्हटलं, ‘एकशे पाच.’

आयी खळखळून हसल्या. पहिल्यांदाच. यी बाय वू म्हणजे दीडशे! शेवटचं एकक बोलताना गाळतात. शंभर आणि पाच, ते पाच दहाचे. एकशे पाच म्हणायचं तर मध्ये शून्य उच्चारायचं, यी बाय लिंग वू. मी पुन्हा चुकले, आणखी एकदा चुकले. माझा हिरमुसलेला चेहरा बघून त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. ‘लाओशी, तुम्ही मठ्ठ नाही. तुम्हाला अजून माहीत नव्हतं, एवढंच.’

दुभाषी मुलीनं भाषांतर केलं आणि आम्ही तिघीही गप्प झालो. मी काही बोलले नाही. या धंद्यात इतक्या वर्षांनी मला एक जमतं, ते म्हणजे अशा वेळी तोंड बंद ठेवणं. थोड्या वेळानं आयींनीच तेच वाक्य पुन्हा म्हटलं, या वेळी टेबलावरच्या नाण्यांकडे बघत.

माझा समज असा, की माणसाला स्वतःवर दया करायला शिकवता येत नाही. ती त्याच्याजवळ असतेच, दुसऱ्यासाठी राखलेली. ती त्याला दुसऱ्यावर खर्च करू द्यावी, आणि खर्च करताना त्याला स्वतःला ऐकू यावी.

त्यानंतर शिकणं सोपं गेलं. क्वार्टरचा घोळ वेगळाच होता. वर्गात त्यांना क्वार्टर म्हणजे पंधरा मिनिटं असं शिकवलेलं, मग नाणं पंचवीसचं कसं? मला आजी आठवली. 1957 मध्ये नवे पैसे आले तरी ती मरेपर्यंत पंचवीस पैशांना चार आणेच म्हणायची, नाण्याला पावली. पावली म्हणजे पाव रुपया, आणि पावणेसातमध्येही तोच पाव. टेबलावर मूनकेक होता, तो चौघांत वाटायचा तसा कापला. पाव तास, पाव डॉलर, पाव केक. आयींनी आपला तुकडा खाल्ला आणि म्हणाल्या, ‘क्वार्टर.’

ज्यांच्या घरी हीच रड आहे त्यांच्यासाठी थोडं. आधी बोटांना शिकवा. डाइम आणि क्वार्टरच्या कडेला खाचा असतात. चांदीच्या काळात कुणी कड कातरून घेऊ नये म्हणून पाडलेल्या. निकल आणि पेनीची कड गुळगुळीत. खिशात हात घालून न बघता ओळखायचा खेळ आठवडाभर खेळा. दुसरं, मनातल्या मनात युआनात किंवा रुपयांत रूपांतर करणं थांबवा. त्यात वेळ जातो आणि वेळ गेला की घाबरायला होतं. इथे ‘थ्री एटी-फाइव्ह’ म्हणतात ते बहुतेकदा तीन डॉलर पंच्याऐंशी सेंट असतात, तीनशे पंच्याऐंशी डॉलर नव्हे. कशाची किंमत आहे ते बघितलं की कळतं. मोठ्या आकड्यांना वेळ द्या. चिनी माणूस दहा हजारांच्या ‘वान’नं मोजतो, आपण लाखानं, आणि इंग्रजी हजारावरून थेट मिलियनवर उडी मारते. घराची किंमत ऐकली की मी अजून मनात दहा लाखांनी गुणते, आणि मला त्याची लाज वाटत नाही.

आणि मुलांनो, नातवंडांनो, दुकानात मागून दुरुस्त करू नका. आपल्याकडचे आईवडीलही सहा महिन्यांसाठी येतात आणि प्रत्येक काउंटरवर मुलगा पुढे होऊन कार्ड काढतो. त्यापेक्षा त्यांच्या हातात चार डॉलरची चिल्लर द्या आणि तुम्ही बाहेर थांबा. रांग खोळंबली तर खोळंबली.

आयी दोन महिन्यांनी गल्ल्यावर परतल्या. लाँड्रीत क्वार्टरचंच राज्य, चाळीसची गुंडाळी म्हणजे दहा डॉलर. गिऱ्हाइकाला त्या आता ‘वन मिनिट’ म्हणतात आणि सावकाश मोजतात.

2025 च्या नोव्हेंबरमध्ये फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत चलनासाठीची शेवटची पेनी पाडली गेली. त्या आठवड्यात आयी मुद्दाम केंद्रात आल्या. ‘लाओशी, मी शिकले आणि यांनी बंद केली!’ मी म्हटलं, आमची पावलीही 2011 मध्ये गेली. त्यांनी मान डोलावली. जुन्या पेन्या अजून चालतात, एवढं त्यांनी विचारून घेतलं होतं. गल्ल्यात येतात त्या बरणीत वेगळ्या काढतात, पन्नासची गुंडाळी झाली की बँकेत. अकरा झाल्यात, म्हणाल्या, आणि बाराव्या गुंडाळीला सात कमी आहेत.