टेक्सासला येताना पिस्तूल की पेपर स्प्रे?

एच-वन-बी या नोकरीसाठीच्या तात्पुरत्या व्हिसावर डॅलसजवळच्या अर्व्हिंगला येत असल्याचे आणि पत्नी संध्याकाळी एकटीच फिरायला जाणार असल्याने पिस्तूल घ्यावे की पेपर स्प्रेवर भागेल, असे तुम्ही विचारले आहे. ‘टेक्सासमध्ये पिस्तुलाला परवानाही लागत नाही’ असे तुमच्या मित्राने सांगितले, ते अर्धेच खरे आहे. १ सप्टेंबर २०२१ पासून तिथे २१ वर्षांवरील व्यक्तीला परवान्याशिवाय पिस्तूल बाळगता येते. मात्र ज्याला मुळात शस्त्र ठेवायलाच कायद्याने मनाई आहे, त्याला ही मुभा नाही. तात्पुरत्या व्हिसावर आलेल्यांना संघराज्याच्या कायद्याने बंदूकच काय, काडतूसही जवळ ठेवता येत नाही. शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत, पण केवळ पळवाट म्हणून त्यांच्या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. शिक्षा पंधरा वर्षांपर्यंतची आहे, शिवाय देशाबाहेर काढले जाण्याची टांगती तलवार वेगळी. मित्राबरोबर नेमबाजीच्या रेंजवर जाऊन भाड्याचे पिस्तूल हातात घेणे हेही याच मनाईत मोडते, आणि नेमके हेच आपल्या लोकांच्या गावी नसते.

ग्रीन कार्ड मिळाल्यावर मी स्वतः दुकानात जाऊन आलो. विक्रेत्याने पहिलाच प्रश्न केला, “रात्री हे कुठे ठेवणार?” मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. त्याने कुलूपबंद पेटी दाखवली. घरी येऊन मित्राची तशीच पेटी अंधारात उघडून पाहिली, तर चार आकडे दाबताना मी दोनदा चुकलो. कुलूप लावले तर वेळेवर उघडत नाही आणि न लावले तर मुलीच्या हाती लागेल, हे कोडे मला सुटले नाही. २०२१ साली अमेरिकेत बंदुकीने झालेल्या ४८,८३० मृत्यूंपैकी २६,३२८ आत्महत्या होत्या, हेही घरात शस्त्र आणताना मनात ठेवावे. गावापासून दूर, जिथे शेरीफची गाडी यायला अर्धा तास लागतो, तिथे राहणाऱ्याने पिस्तूल ठेवले तर मी त्याला चूक म्हणणार नाही. अर्व्हिंगच्या अपार्टमेंटची गोष्ट वेगळी आहे.

स्वसंरक्षणासाठी विकली जाणारी पेपर स्प्रेची लहान डबी टेक्सासमध्ये कायदेशीर आहे. इतर राज्यांत वय, आकार आणि खरेदीचे नियम वेगळे आहेत. मात्र ही डबी म्हणजे हमखास उपाय नव्हे. सरावासाठी मिळणारी पाण्याची डबी आम्ही पार्किंगमध्ये वापरून पाहिली, तेव्हा समोरून वारा होता आणि निम्मे तुषार माझ्याच चष्म्यावर आले. खरी असती, तर करपलेल्या फोडणीच्या ठसक्यापेक्षा कितीतरी वाईट अवस्था झाली असती. म्हणून फवाऱ्यापेक्षा धारेचा किंवा जेलचा प्रकार घ्या, आणि लिफ्टमध्ये किंवा गाडीत तो आपल्यालाही लागतो हे पत्नीला सांगून ठेवा. दारूच्या किंवा अन्य नशेतला माणूस त्याने थांबेलच असे नाही. अशा वेळी मिळालेले काही क्षण पळण्यासाठीच वापरायचे असतात. टेझर, म्हणजे सुया मारून विजेचा झटका देणारे यंत्र, महाग पडतो, आणि त्याच्या दोन्ही सुया कपड्यातून नीट रुतल्या नाहीत तर उपयोग होत नाही; डॅलसच्या थंडीतल्या जाड जाकिटावर मी तरी त्याचा भरवसा धरणार नाही.

डबी भारतातून आणू नका, इथेच घ्या. ती पर्सच्या तळाशी न ठेवता हातात ठेवावी, आणि तिच्यावर छापलेली मुदत संपण्यापूर्वी बदलावी.