ज्ञान बुद्धीतून येतं की इंद्रियांतून? डोळ्यांना दिसेल तेवढंच खरं मानायचं का?

तुम्ही लिहिलंय की जे दिसतं, हाताला लागतं तेच ज्ञान, बाकी सगळा डोक्याचा खेळ, आणि शेवटी विचारलंय की जन्मतः काही ज्ञान असतं का. पहिलं मत आपल्याकडं फार जुनं आहे, चार्वाक हेच म्हणायचे, प्रमाण म्हणजे ज्ञान मिळवायचं साधन एकच, आणि ते प्रत्यक्ष, म्हणजे इंद्रियांना जाणवेल ते. विचार अजिबात येडा नाही, पण द्राक्षबागेत तो पाळला तर दिवाळं निघेल.

माझं नाशिकला कृषी सेवा केंद्र आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस झाला, ढगाळ राहिलं, पानं रात्रभर ओली राहिली की सकाळी शटर उघडायच्या आत निफाड-दिंडोरीकडची माणसं डावणी या बुरशीच्या रोगाचं औषध मागायला उभी असतात. तेव्हा प्लॉटमध्ये जाऊन बघाल तर पान हिरवंगार, एक डाग नाही. वरून तेलकट डाग आणि पानाखाली पांढरी बुरशी दिसायला पुढं काही दिवस जातात आणि तोवर घडात शिरली तर घड गेला. म्हणजे जे दिसतच नाही त्याच्यावर माणूस हजारो रुपये फवारतो आणि बरोबर करतो, मग हे ज्ञान नाही तर काय आहे?

पण लगेच बुद्धी जिंकली असं म्हणू नका. आपण डावणीवर जे बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं मिश्रण, मारतो त्याचीच गोष्ट घ्या. फ्रान्समध्ये बोर्डोच्या भागात रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडायचे, रोगासाठी नाही हां, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी द्राक्षं चोरू नयेत म्हणून. 1882 मध्ये मिलार्डे नावाच्या वनस्पतीशास्त्राच्या प्रोफेसरच्या लक्षात आलं की रस्त्याकडेच्या वेलींची पानं टिकलीत आणि आतल्यांची डावणीने गेलीत. डोळ्यांनी दिलं ते एवढंच. हे मोरचुदामुळं झालं, रस्त्याच्या धुळीमुळं की मोकळ्या हवेमुळं, ते डोळे सांगत नाहीत, तिथं डोकं लागतं, आणि डोक्याने काढलेलं खरं की खोटं हे बघायला प्रयोग करून परत डोळ्यांकडंच यावं लागतं. त्याने ते केलं आणि 1885 मध्ये छापलं.

खरी गोची आहे ती "हे नेहमीच असं होतं" म्हणण्यात. न्यायवाले, म्हणजे अनुमानालाही प्रमाण मानणारे आपले जुने तर्कशास्त्री, म्हणतात डोंगरावर धूर दिसला म्हणजे तिथं आग आहे. चार्वाक विचारतो, जिथं धूर तिथं आग हे कशावरून, मागचे-पुढचे सगळे धूर बघून आलात का? 1739 मध्ये ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञाने जवळपास हीच खोच काढली आणि म्हणाला ही फक्त मनाला लागलेली सवय आहे. जर्मन तत्त्वज्ञ कांटने 1781 मध्ये त्यावर जाडजूड पुस्तक लिहिलं तरी माझ्या मते ती खोच अजून पूर्ण निघालेली नाही. शेतीत त्यावाचून अडत नाही ही गोष्ट वेगळी.

गणितात मात्र अडतं. 2 पेक्षा मोठी कुठलीही सम संख्या दोन मूळ संख्यांची बेरीज असते, हा गोल्डबाखचा अंदाज 1742 पासून पडून आहे. कॉम्प्युटरने 4 वर 18 शून्यं इतक्या मोठ्या आकड्यापर्यंत तपासलं, एकदाही चुकला नाही, तरी गणितवाले सिद्ध झालं म्हणायला तयार नाहीत. उलट मूळ संख्या कधी संपत नाहीत हे युक्लिडने चार ओळींत दाखवलं आणि ते सगळ्यांनी मान्य केलं, सगळ्या मोजून कुणीच बघितलेल्या नाहीत. निव्वळ अनुभववाल्यांना इथं उत्तर देताना घाम फुटतो.

आता जन्मतः ज्ञानाचं. इंग्रज तत्त्वज्ञ लॉक म्हणायचा जन्मतः मन कोरं असतं, सगळं अनुभवातून येतं; जर्मन लायब्निझ म्हणायचा काहीतरी आत आधीपासून असतं. 1688 मध्ये मॉलिन्यू नावाच्या आयरिश विद्वानाने लॉकला विचारलं होतं की जन्मांधाला हाताने गोळा आणि ठोकळा ओळखता येतो, उद्या दृष्टी आली तर नुसतं बघून ओळखेल का? याचं उत्तर मिळालं ते आपल्याच देशातल्या पोरांकडून. मेंदू आणि दृष्टीवर संशोधन करणाऱ्या पवन सिन्हांच्या दिल्लीतल्या प्रकाश प्रकल्पात 8 ते 17 वयाच्या पाच जन्मांध मुलांची ऑपरेशनं झाल्यावर हे तपासलं, निष्कर्ष 2011 मध्ये आले. हाताने चाचपलेली वस्तू नजरेने ओळखायला सुरुवातीला जवळजवळ जमलंच नाही, पण थोड्याच दिवसांत जमायला लागलं. लॉकवाले पहिला अर्धा भाग धरून बसतात. मला "थोड्याच दिवसांत" जास्त मोठं वाटतं, कारण हाताचं आणि डोळ्याचं इतक्या लवकर जुळवून घेणारं काहीतरी आत आधीपासून असणार, त्याला ज्ञान म्हणा नाहीतर नुसती तयारी म्हणा, आणि एवढ्यापुरता मी लॉक सोडून लायब्निझच्या बाजूने आहे.