'बॅक आऊट' लिहिलं आणि समोरचे भडकले

प्रश्न : आमच्या प्रोजेक्टमधून एक पार्टनर कंपनी बाहेर पडली, रीतसर नोटीस देऊन. मी मेलमध्ये 'यू बॅक्ड आऊट फ्रॉम द प्रोजेक्ट' लिहिलं तर तिकडून एकदम तिखट रिप्लाय आला. बॅक आऊट म्हणजे माघार घेणंच ना?

उत्तर : माघारच, पण आधी कबूल करून मग घेतलेली. एकदा हो म्हणून झालेलं असतं, समोरचा त्या भरवशावर तयारीला लागलेला असतो आणि हा मधेच अंग काढून घेतो, ते बॅक आऊट. म्हणजे 'तुम्ही शब्द फिरवलात' असं तुम्ही त्यांना चक्क लेखी सुनावलंत, मग चिडणारच की!

नोटीस देऊन गेलेल्यांना 'पुल आऊट' बरं, फारच फॉर्मल मेल असेल तर 'विदड्रॉ'. पुल आऊटमध्ये नुसतं बाहेर पडणं येतं, दोष द्यायचा की नाही ते ज्याचं त्याने ठरवावं. २०१७ मध्ये अमेरिकेने पॅरिस हवामान करारातून बाहेर पडायचं जाहीर केलं तेव्हा इंग्रजी बातम्यांत सर्रास 'पुल आऊट ऑफ' होतं, आणि २०२१ मध्ये अफगाणिस्तानातून सैन्य काढून घेतलं तेव्हाही 'पुल्ड इट्स ट्रूप्स आऊट'. हे असं मधे कर्म घालणं बॅक आऊटला जमत नाही, 'बॅक्ड द डील आऊट' म्हणायचं नाही. गाडी रिव्हर्स घेऊन बाहेर काढायची असेल तर मात्र 'बॅक द कार आऊट' एकदम बरोबर.

आणि ते 'फ्रॉम' काढा. आपल्या डोक्यात 'प्रोजेक्टमधून' असतं म्हणून हात आपोआप फ्रॉमकडे जातो, पण दोन्हीकडे 'ऑफ'च लागतं : 'बॅक्ड आऊट ऑफ द डील', 'पुल्ड आऊट ऑफ द प्रोजेक्ट'. पुढे क्रियापद आलं तर आयएनजी लावायचं, 'शी बॅक्ड आऊट ऑफ साइनिंग', म्हणजे ऐन सहीच्या वेळी बाईंनी हात वर केले.

'बॅक डाऊन' यात मिसळू नका, ते भांडणातलं किंवा वादातलं नमतं घेणं, तिथे कोणी कसलं वचन दिलेलं असायलाच हवं असं नाही.

आयटीवाल्यांचा 'बॅकआऊट प्लॅन' मात्र निरुपद्रवी आहे हं, नवीन बदल फसला तर सिस्टीम पुन्हा पहिल्यासारखी कशी करायची त्याची ती तयारी, त्यात कोणी कोणाला टांग देत नाही.

तुमच्या पुढच्या मेलसाठी : 'सिन्स यू हॅव पुल्ड आऊट ऑफ द प्रोजेक्ट, प्लीज सेंड अस द पेंडिंग फाइल्स.' सॉरी वगैरे आधीच्या ओळीत घाला.