दिवसभर फोन पाहून डोके जड राहते, वाचलेले लक्षात राहत नाही. मेंदूला कायमची इजा झाली असेल का?

आपण वय २३ आणि फोनचा वापर रोज सात तासांच्या आसपास असल्याचे लिहिले आहे. एवढ्यावरून कायमची इजा झाली असे मानण्याचे कारण नाही. मी महाविद्यालयात शिकवतो आणि ही तक्रार नेहमी ऐकतो. माझ्या मते एकूण तास किती यापेक्षा ते दिवसभर कसे विखुरलेले आहेत, याला अधिक महत्त्व आहे.

वाचताना आपला हात फोनकडे नेमका केव्हा जातो, ते एकदा पाहा. पुष्कळदा फोन वाजलेलाही नसतो. एखादे वाक्य चटकन उमगलेले नसते, ते पुन्हा वाचणे भाग असते आणि नेमक्या त्याच क्षणी अंगठा स्क्रीनवर फिरू लागतो, म्हणजे विचार सुरू व्हायच्या जागीच तो तुटतो. पुस्तकाकडे वळल्यावरही मन लगेच पूर्णपणे वळत नाही. एक काम सोडून दुसरे घेतले की पहिल्याचा काही अंश मनात रेंगाळतो, हे संशोधक सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये दाखवले होते. त्यांचा विषय कार्यालयीन काम होता, पण अभ्यासालाही ते लागू पडावे.

संशोधक एड्रियन वॉर्ड यांच्या २०१७ मधील प्रयोगात, आवाज बंद करून फोन टेबलावर पालथा ठेवलेल्यांपेक्षा तो दुसऱ्या खोलीत ठेवलेल्यांची स्मरण आणि विचारशक्तीच्या चाचण्यांतील कामगिरी सरस ठरली. पुढील सर्वच प्रयोगांत हा परिणाम तितका ठळक दिसला नाही, तरीही उपाय बिनखर्चाचा असल्याने मी तोच आधी सुचवतो. वॉर्ड यांचाच सहभाग असलेला एक प्रयोग २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दोन आठवडे फोनवरील इंटरनेट बंद ठेवले होते, कॉल आणि एसएमएस मात्र चालू होते. तेवढ्याने सलग लक्ष देण्याची क्षमता आणि मनःस्वास्थ्य दोन्ही सुधारल्याचे आढळले. सगळ्यांना हे बंधन पाळणे जमले नाही (आणि त्यात नवल ते काय), म्हणून आपण वाचनाच्या तासाभरापुरते आणि झोपण्यापूर्वी एवढेच करून पाहा. रात्रीचे जागरण सुटले नाही, तर बाकी उपायांचा फारसा उपयोग होणार नाही.

काही आठवडे पुरेशी झोप घेऊनही जडपणा टिकला किंवा सतत उदास वाटू लागले, तर डॉक्टरांना भेटावे. रक्तक्षय, बी-१२ ची कमतरता, थायरॉइडचे विकार आणि नैराश्य यांतही अशीच लक्षणे दिसतात. पहिल्या तिन्हींचा उलगडा साध्या रक्ततपासणीत होऊ शकतो.