वाचकांचे प्रश्न : ज्येष्ठांची चाल आणि ती मोजणारी उपकरणे

घरातल्या घरात पडणाऱ्या ज्येष्ठांविषयी या सदरात लिहिल्यानंतर जी पत्रे आली, त्यांतील बऱ्याच पत्रांत मनगटावरच्या घड्याळांचा, फोनचा आणि कमरेच्या पट्ट्यांचा उल्लेख होता. त्यांपैकी पाच पत्रे येथे घेतली आहेत.

प्रश्न : माझ्या सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत. गेल्या वर्षभरात त्या दोनदा घरातच पडल्या. सुदैवाने हाड मोडले नाही. नातवाने त्यांना मनगटावर बांधायचे घड्याळ आणून दिले आहे. त्यात रोज तीन ते साडेतीन हजार पावले दिसतात, म्हणून घरातले सगळे निर्धास्त आहेत. मला मात्र त्यांची चाल पूर्वीसारखी वाटत नाही. घड्याळावर विश्वास ठेवावा की डोळ्यांवर? — एक वाचक, सातारा

उत्तर : डोळ्यांवर ठेवा. घड्याळ खोटे बोलत नाही, पण तुम्हाला पडलेल्या प्रश्नाचे उत्तर त्याच्याजवळ नाही. सासूबाई दिवसभरात किती चालल्या हे त्या आकड्यातून कळते. त्या कशा चालल्या हे कळत नाही, आणि पडण्याचा धोका ओळखायचा तर पाहायला हवे ते हेच.

निरोगी माणूस सपाट जमिनीवर चालत असताना एक टाच टेकल्यापासून तीच टाच पुन्हा टेकेपर्यंत एका सेकंदाच्या आसपास वेळ लागतो, आणि दर खेपेला हा वेळ जवळजवळ तेवढाच भरतो. जेफ्री हाउसडॉर्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात स्वतःच्या घरी राहणाऱ्या ५२ ज्येष्ठांच्या बुटांत दाब ओळखणारे तळवे बसवले, त्यांना सहा मिनिटे चालायला लावले आणि पुढे वर्षभर त्यांच्या पडण्याची नोंद ठेवली. जे नंतर पडले, त्यांच्या पावलांच्या वेळेतील चढउतार न पडलेल्यांच्या सुमारे दुप्पट होता. हा फरक मिलिसेकंदांचा असतो. घरातल्या माणसाला तो मोजता येत नाही, पण रोज पाहणाऱ्याला ‘हिची चाल बदलली’ असे जे वाटते, त्यामागे बहुधा लयीतली हीच ओढाताण असते. म्हणून सुनेचे किंवा मुलीचे असे निरीक्षण मी कधीही बाजूला सारत नाही.

दुसरी खूण आणखी सोपी आहे आणि तिला उपकरणही लागत नाही. स्वीडनमध्ये लुंडिन-ऊल्सन आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये निवासी संस्थांतील ५८ वृद्धांशी चालता चालता बोलायला सुरुवात केली. त्यांपैकी बाराजण उत्तर देण्यासाठी थांबले, आणि त्या बारांपैकी दहाजण पुढच्या सहा महिन्यांत पडले. चालणे ज्यांच्या अंगवळणी राहिलेले नसते, त्यांना प्रत्येक पाऊल लक्ष देऊन टाकावे लागते. बोलण्याकडे लक्ष गेले की पावलासाठी ते उरत नाही. सासूबाई मोरीकडे जात असताना त्यांना सहज काही विचारून पाहा. त्या थांबून उत्तर देत असतील, तर ती गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगा.

घरी वेगही मोजता येईल. चार मीटरच्या दोन टोकांना खडूने रेघा आखाव्यात, सासूबाईंना पहिल्या रेघेच्या थोडे आधीपासून त्यांच्या नेहमीच्या चालीने चालू द्यावे, दुसऱ्या रेघेपलीकडे एक-दोन पावले गेल्यावरच थांबू द्यावे आणि दोन रेघांमधला वेळ घ्यावा. पाच सेकंद लागले तर वेग सेकंदाला ०.८ मीटर झाला. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक मार्गदर्शक सूचनांत याहून कमी वेग ही पडण्याचा धोका वाढल्याची खूण मानली आहे. आपल्याकडेही मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये केलेल्या देशव्यापी वार्धक्य पाहणीत साठीपुढच्या माणसांना ठरावीक अंतर चालायला लावून वेळ नोंदवला होता, तो याच कारणाने.

मात्र सासूबाईंच्या बाबतीत यांतले काहीही मोजण्याची वाट पाहू नका. वर्षात दोनदा पडणे हे त्या सूचनांनुसार एकट्यानेच अधिक धोक्याच्या गटात नेणारे लक्षण आहे. झोपेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या, उठून उभे राहताच उतरणारा रक्तदाब, मोतीबिंदू, मधुमेहाने किंवा बी-१२च्या कमतरतेने बधिर झालेले तळवे, मांड्यांतील घटलेली ताकद अशी कारणे एकेक करून तपासावी लागतात, आणि त्यांतली बरीचशी दुरुस्त होण्याजोगी असतात. साडेतीन हजार पावले पाहून घरातल्यांना आलेली निश्चिंती मला या प्रकरणात सर्वांत काळजीची वाटते.

प्रश्न : मी ७१ वर्षांचा निवृत्त शिक्षक आहे. मुलाने अमेरिकेहून आयफोन पाठवला. त्यात ‘दोन्ही पाय जमिनीवर असण्याचा काळ’ कधी २८ तर कधी ३३ टक्के दाखवतो, आणि एखाद्या दिवशी चालीतील असमानताही दाखवतो. हे घाबरण्यासारखे आहे काय? — एक वाचक, नाशिक

उत्तर : आपण दिलेले आकडे घाबरण्यासारखे नाहीत. चालताना एक पाय पुढे टेकतो आणि मागचा अजून उचललेला नसतो, असे दोन छोटे क्षण प्रत्येक आवर्तनात येतात. त्यांचा एकूण वाटा म्हणजे ही टक्केवारी. सर्वसाधारण चालीत ती २० ते ४० टक्क्यांच्या दरम्यान असते. माणूस सावकाश चालला की ती वाढते, झपाट्याने चालला की उतरते. तोल जाईल अशी भीती मनात असली तरीही वाढते, कारण दोन्ही पाय टेकलेले असताना शरीराला आधार वाटतो.

आपण फोन सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवता असे पत्राच्या शेवटी लिहिले आहे. हे मापन फोन कमरेजवळ असेल, उदाहरणार्थ पँटच्या खिशात, आणि जमीन सपाट असेल तेव्हासाठी बनवलेले आहे. छातीजवळच्या सैल खिशात फोन स्वतःच हेलकावे घेतो, आणि त्या आकड्यांतून आपल्या पायांबद्दल फारसे सांगता येत नाही. फोन एकाच बाजूच्या पँटच्या खिशात ठेवून पंधरा दिवस नेहमीसारखे चाला. एका दिवसाच्या आकड्याकडे पाहू नका. एका महिन्याची सरासरी मागच्या महिन्याच्या सरासरीशी ताडून पाहा. शेजाऱ्याच्या आकड्याशी तुलना करण्यातही अर्थ नाही, कारण उंची, गुडघे आणि सवयीचा वेग माणसागणिक निराळे असतात. आपल्याच वेगात काही महिन्यांत सतत घसरण दिसली, किंवा पूर्वी नसलेली असमानता रोज दिसू लागली, तर तपासणी करून घ्यावी.

प्रश्न : वडील वॉकर घेऊन हॉलमध्ये दहा फेऱ्या मारतात, तरी घड्याळात पन्नास पावलेसुद्धा येत नाहीत. घड्याळ बिघडले आहे का? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : बिघडलेले नसावे. मनगटावरचे घड्याळ हाताच्या झोक्यावरून पावले ओळखते, आणि वॉकर धरलेला हात झोका घेत नाही. त्यातून अगदी सावकाश चालीत पावलाचा हादराही क्षीण असतो. घोट्यावर बांधायचे उपकरण अशा वेळी बरेच बरोबर मोजते. पण वडिलांसाठी मी कागद-पेन्सिलच सुचवेन : फेऱ्या किती, मध्ये किती वेळा बसावे लागले, आणि दम लागला का.

प्रश्न : मी फिजिओथेरपीची विद्यार्थिनी आहे. प्रकल्पासाठी ज्येष्ठ स्त्रियांची चाल कमरेच्या सेन्सरने मोजायची आहे. त्यांपैकी काहीजणी नऊवारी नेसतात. सेन्सर कुठे लावावा, आणि एका छोट्या डबीतून पावलाची लांबी कशी निघते? — एक वाचक, सांगली

उत्तर : तुम्ही विचारलेली अडचण परदेशी पुस्तकांत सापडणार नाही, म्हणून पत्र वाचून विशेष आनंद झाला. सेन्सरची नेहमीची जागा म्हणजे पाठीच्या कण्याचा खालचा भाग, आणि नऊवारीचा कासोटा नेमका तिथेच खोचलेला असतो. लुगड्यावरून पट्टा बांधला तर सेन्सर कापडाची हालचाल मोजतो आणि कासोट्याच्या घड्यांवर तिरपाही बसतो. बाईंची संमती घेऊन, शक्यतो सहकारी विद्यार्थिनीच्या हातून, तो त्वचेवर चिकटपट्टीने लावावा आणि मग लुगडे नेसू द्यावे. तेही अवघड वाटत असेल तर दोन्ही घोट्यांवर सेन्सर लावावेत. नऊवारी सोडून दुसरे काही नेसायला सांगू नये, कारण मग मोजली जाणारी चाल त्यांच्या रोजच्या वेषातली राहणार नाही. अनवाणी, चपला की बूट, हेही प्रत्येक नोंदीपुढे लिहावे.

आता डबीविषयी. तिच्यात साधारणपणे तीन दिशांचे त्वरण मोजणारा आणि तीन अक्षांभोवतीचे वळणे मोजणारा असे दोन घटक असतात, आणि ते सेकंदाला बहुधा शंभर वेळा नोंद करतात. टाच टेकली की धडाची पुढे जाण्याची गती क्षणभर मंदावते. ही खूण दर पावलाला दिसते, म्हणून पावलाची वेळ सहज मिळते. लांबी मात्र थेट मिळत नाही. टेकलेला पाय हा उलटा लोलक आहे असे समजा : धड त्या पायावरून पुढे जाताना काही सेंटिमीटर वर येते आणि पुन्हा खाली उतरते. हा चढउतार आणि पायाची लांबी माहीत असली की भूमितीने पावलाची लांबी काढता येते. झाइल्स्ट्रा आणि होफ यांनी २००३ मध्ये या पद्धतीची पडताळणी प्रसिद्ध केली. म्हणून पायाची लांबी टेपने काळजीपूर्वक मोजा. तिथली चूक प्रत्येक पावलात उतरते. पाय ओढत चालणाऱ्या माणसाचे धड फारसे वर उचललेच जात नाही, त्यामुळे अशा चालीत हे गणित कमी भरवशाचे असते, आणि तुमच्या प्रकल्पात अशा स्त्रिया असणारच. त्यांच्यासाठी आखलेल्या अंतरावर घड्याळ लावून वेग ताडून पाहा.

जाता जाता एक गोष्ट. अंगावर उपकरण बांधून चाल मोजण्याची कल्पना नवी नाही. एत्येन-ज्यूल मारे या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने १८७०च्या दशकात बुटाच्या तळाशी हवेची पोकळी ठेवून तिचा दाब रबरी नळीने चालणाऱ्याच्याच हातातल्या नोंदयंत्रापर्यंत नेला होता. आपण आज जे करतो, त्याचा गाभा तोच आहे.

प्रश्न : माझ्या यजमानांना पार्किन्सन आहे. घरी दारातून जाताना त्यांचे पाय जमिनीला खिळल्यासारखे होतात. डॉक्टरांसमोर मात्र ते व्यवस्थित चालतात, त्यामुळे माझे म्हणणे कोणाला पटत नाही. सेन्सरने हे सिद्ध होईल का? — एक वाचक, ठाणे

उत्तर : तुम्ही सांगता ते अगदी खरे आहे आणि या आजारात नेहमी दिसते. तपासणीच्या खोलीत रुग्ण सारे लक्ष चालण्यावर एकवटतो, वाट मोकळी आणि सरळ असते. घरात अरुंद दार, उंबरठा, वळण आणि घाई असते, आणि चाल गोठते ती अशाच ठिकाणी. अशा वेळी पाय स्थिर दिसले तरी पोटऱ्या थरथरत असतात. पायावरचा सेन्सर हा कंप ओळखू शकतो, कारण तो साधारणपणे सेकंदाला ३ ते ८ वेळांचा असतो, तर चालण्याची हालचाल ३ च्या खाली राहते. रुग्णांची चाल त्यांच्या रोजच्या जगण्यात मोजता यावी म्हणून युरोपात ‘मोबिलाइज-डी’ हा मोठा प्रकल्प २०१९ पासून राबवला गेला, आणि त्यात पार्किन्सनचे रुग्णही होते.

तरी आपल्याला सेन्सर विकत घेण्याची गरज आज नाही. फोनवर दाराजवळचे दोन-तीन प्रसंग चित्रित करा. चित्रीकरणात त्यांचे पाय पूर्ण दिसले पाहिजेत, आणि ते पडणार नाहीत इतक्या जवळ दुसरे कोणीतरी उभे असले पाहिजे. प्रत्येक प्रसंगाची वेळ आणि त्याआधीची गोळी किती वाजता घेतली होती, हे लिहून ठेवा. गोठणे गोळीचा अंमल उतरताना होते की अंमल चढलेला असतानाही होते, यावर पुढचा उपचार ठरतो, आणि ती माहिती डॉक्टरांना आपल्याखेरीज कोणी देऊ शकत नाही. तोवर दारातून जाताना त्यांना घाई करू नका आणि हात धरून ओढू नका. उंबरठ्यापाशी जमिनीवर आडवी रंगीत पट्टी चिकटवून ‘या रेघेवरून पाऊल टाका’ असे शांतपणे सांगून पाहा; अनेकांचे अडलेले पाऊल त्याने सुटते.