स्त्री-हॉर्मोन सुरू करून आठ महिने झाले, तरी जबडा पुरुषीच दिसतो. मी ट्रान्स स्त्री आहे हे नाशिकमध्ये लोक ओळखतील का?

ताई, आठ महिने फार थोडे आहेत गं. चेहऱ्यावरची चरबी नव्याने बसायला २ ते ५ वर्षं लागतात. हाड मात्र हॉर्मोननी बदलत नाही, दाढीही जात नाही. म्हणून आधी लेझर कर (काळ्या केसांवर चालतं, पांढऱ्यांवर नाही). माझा चेहरा सगळ्यात जास्त बदलला तो दाढीची निळसर झाक गेल्यावर.

आरशासमोर जबडा चाचपत बसणं मीही केलंय. मग एकदा रविवार कारंजावरच्या गर्दीत बायकांचे चेहरे नीट पाहिले. रुंद जबडे, मोठी नाकं, सगळं होतं तिथे. जबड्याच्या शस्त्रक्रियेचा निर्णय घाईने घेऊ नकोस. आणि कॉलेज रोडला पहिल्यांदा जाशील तेव्हा मैत्रिणीला सोबत ने.