इन्सुलिन चालू असूनही माझ्या बोक्याची शुगर ४००च्या खाली येत नाही. मी काय करू?

तुमच्या प्रश्नावरून मला कळलं ते असं: बोका ११ वर्षांचा, वजन साडेसहा किलो, चार महिन्यांपासून ग्लार्जिन हे इन्सुलिन चालू. १ युनिटपासून सुरुवात झाली, आता सकाळ-संध्याकाळ ४ युनिट. दवाखान्यात तपासलं की दर वेळी ३८० ते ४५०. मागचे पाय पार टाचेपर्यंत टेकवून चालतो. डॉक्टर ५ युनिट करू म्हणतात, घरचे 'आता पुरे' म्हणतात आणि तुमची झोप उडाली आहे.

मी डॉक्टर नाही. आमचा बोका बंड्या मात्र अनेक वर्षं इन्सुलिनवर होता आणि त्यातला बराच काळ त्याच्या शुगरने आम्हाला दाद दिली नाही. त्या अनुभवावरून एकच सांगते. ४चे ५ करण्याआधी हा ४००चा आकडा येतोय कुठून, ते शोधा. शुगर चढी दिसायची कारणं बरीच असतात, आणि डोस वाढवणं हा त्यातल्या एखाद-दुसऱ्याच कारणावरचा उपाय आहे. बाकीच्या ठिकाणी तो वाया जातो, क्वचित जिवावर बेततो.

सगळ्यात आधी दवाखान्यातल्या आकड्यावरचा विश्वास थोडा कमी करा. पिशवीत कोंबलेलं, रिक्षातून आलेलं, शेजारी कुत्रा भुंकतोय अशा टेबलावर दाबून धरलेलं मांजर घाबरतं, आणि घाबरलं की त्याची शुगर नुसत्या भीतीने शे-दोनशेने चढू शकते. मधुमेह नसलेल्या मांजराचीसुद्धा अशी चढते. म्हणजे तुमच्याकडे जे चार-पाच आकडे आहेत ते सगळे त्याच्या सगळ्यात वाईट तासाचे आहेत. घरी तो दुपारी खिडकीत पसरलेला असतो तेव्हा किती असते, हे अजून कुणालाच माहीत नाही.

ते घरीच तपासता येतं. कानाच्या बाहेरच्या कडेने एक बारीक शीर जाते, कान उजेडासमोर धरला की दिसते. कोमट पाण्यात पिळलेला रुमाल अर्धा मिनिट कानाला लावा, कडेवर व्हॅसलिनचा अगदी पुसट हात फिरवा म्हणजे रक्त केसांत न पसरता थेंब उभा राहतो. मागच्या बाजूला कापसाचा बोळा धरा, नाहीतर सुई आरपार जाऊन तुमच्याच बोटात. टोचल्यावर लगेच त्याच्या आवडीचा चिकनचा तुकडा. पहिले काही दिवस रक्तही येत नाही आणि बोकाही पळतो, मग एक दिवस मीटरचा डबा उघडल्याचा आवाज आला की तो स्वतः येऊन बसतो. (बंड्या नंतर नंतर तपासणी नसतानाही येऊन बसायचा आणि चिकन वसूल करायचा.) माणसांचा ग्लुकोमीटर मांजराच्या रक्ताला खऱ्यापेक्षा थोडा कमी आकडा दाखवतो. प्राण्यांसाठीचे मीटर मिळतात, स्ट्रिप्स महाग पडतात. माणसांचा वापरलात तरी चालतो, फक्त कायम तोच वापरा आणि डॉक्टरांना तसं सांगा.

एका सुट्टीच्या दिवशी सकाळच्या इंजेक्शनच्या आधी एकदा आणि मग दर दोन तासांनी, संध्याकाळच्या इंजेक्शनपर्यंत, असं तपासून कागदावर मांडा. याला कर्व्ह म्हणतात. यातला सगळ्यात खालचा आकडा किती आणि तो कधी येतो, यावर डोस ठरतो. सकाळच्या एकट्या आकड्यावर नाही. खालचा आकडा ८० ते १५०च्या आसपास आणि बाकीचा दिवस ३००च्या आत, एवढं जमलं तरी बोका मजेत जगतो. माणसासारखं १००-१२०वर दिवसभर ठेवायच्या मागे लागू नका. कान टोचू देतच नसेल तर पाठीवर चिकटवायचा सेन्सर असतो, माणसांचाच. चौदा दिवसांचा म्हणतात, मांजरं त्याआधीच काढून टाकतात, पण तीन-चार दिवस टिकला तरी पुष्कळ माहिती मिळते. तेही नको असेल तर फ्रुक्टोसमीन नावाची रक्ततपासणी मागच्या एक-दोन आठवड्यांची सरासरी सांगते, त्यात त्या दिवशीच्या भीतीचा भाग येत नाही.

आणखी एक, कुठलीही सुई न टोचता होणारं मोजमाप. पाण्याचं भांडं मापाने भरा आणि लिटर ट्रेमधले (त्याच्या शी-शूच्या वाळूतले) लघवीचे गोळे मोजा. मांजराची शुगर साधारण २५० ते ३००च्या पुढे गेली की ती लघवीत उतरते, सोबत पाणी खेचते, मग तहान लागते. पाणी कमी प्यायला लागला, गोळे लहान झाले, तर मीटर काही म्हणो, तुम्ही बरोबर दिशेला आहात.

आता सिरिंज. हे वाचून झालं की उठून फ्रिज उघडा, खरंच. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन दोन ताकदीचं मिळतं, एका मिलीत ४० युनिट आणि एका मिलीत १०० युनिट. दोन्हींच्या सिरिंज वेगळ्या असतात, ४०ची लाल टोपणाची, १००ची नारिंगी. बाटलीतलं ग्लार्जिन १००चं असतं. ते लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये ४ युनिटच्या रेघेपर्यंत भरलं, तर बोक्याच्या अंगात ४ नाही, १० युनिट जातात. उलट ४०चं इन्सुलिन नारिंगी सिरिंजने दिलं तर ४च्या जागी १.६च युनिट जातं आणि शुगर हलत नाही. मेडिकलवाल्याला 'इन्सुलिनची सिरिंज द्या' म्हटलं की तो हाताला येईल ती देतो, त्याला काय माहीत घरी मांजर आहे. आमच्याकडे सासूबाईंचं इन्सुलिन ४०चं आणि बंड्याचं १००चं, दोघांचा मुक्काम एकाच फ्रिजमध्ये. म्हणून बंड्याचा डबा वरच्या कप्प्यात, त्यावर मोठ्या अक्षरात नाव, आणि सासूबाईंच्या डब्याला त्याची सिरिंज शिवायची नाही असा घरचा कायदाच होता. शक्य असेल तर ०.३ मिलीची, अर्ध्या युनिटच्या रेघा असलेली सिरिंज घ्या. मांजराच्या बाबतीत अर्धं युनिटही मोठं असतं.

बाटली गोठलेली नको, उन्हात राहिलेली नको. एप्रिल-मेमध्ये दुकानातून घरी आणताना बर्फाच्या पिशवीसोबत आणा, पण बर्फाला चिकटवून नको. ग्लार्जिन पाण्यासारखं स्वच्छ असतं, धुरकट दिसलं की टाकून द्या. आणि टोचताना कातडीचा तंबू करून सुई आत गेली की केसांतच, हे बोटाने चाचपून बघा. ओलं लागलं तर औषध बाहेर गेलंय. अशा वेळी अंदाजाने पुन्हा टोचायचं नाही. एक डोस चुकल्याने काही बिघडत नाही, दुप्पट गेल्याने बिघडतं.

खाण्याबद्दल तुम्ही 'चांगल्या कंपनीचं ड्राय फूड' एवढंच लिहिलंय. गोम तिथेही असू शकते. मांजर पक्कं मांसाहारी, पिष्ट (कार्बोहायड्रेट) पचवून त्याची साखर मार्गी लावायची त्याच्या यकृताची तयारी कमीच. पाकिटावर पिष्टाचा आकडा बहुधा छापत नाहीत, पण काढता येतो: १००मधून प्रथिनं, स्निग्धांश, ओलावा, तंतू आणि राख (म्हणजे खनिजं) वजा करा. उदाहरणार्थ प्रथिनं ३२, स्निग्धांश १२, ओलावा १०, तंतू ४, राख ८ असेल तर उरले ३४. म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त उष्मांक नुसत्या पिष्टातून. मधुमेही मांजराला हे साधारण १२ टक्क्यांच्या आत हवं. ओल्या पाऊचमध्ये सहसा कमी असतं, तरी दाट ग्रेव्हीवाल्यांत पीठ असतं, त्यापेक्षा लगद्यासारखं येतं ते बरं. घरचंच द्यायचं तर नुसतं उकडलेलं चिकन कायमसाठी पुरत नाही, टॉरीन (मांजराला लागणारं एक अमिनो आम्ल) आणि कॅल्शियम कमी पडतं, डॉक्टरांना विचारून पूरक घाला. दूध-पोळी, भात-मासे, आणि खालच्या मजल्यावरच्या काकू प्रेमाने चारतात ते बिस्कीट बंद. काकूंना समजावणं हा या आजारातला सगळ्यात अवघड भाग, त्याला शुभेच्छा.

पण खाणं एका दिवसात बदलू नका. पिष्ट कमी केलं की इन्सुलिनची गरज झपाट्याने उतरते, कधी कधी निम्म्यावर येते. ४ युनिट तसेच ठेवून खाणं बदललं तर शुगर धाडकन खाली. त्यामुळे आधी घरी तपासायला शिका, डॉक्टरांशी बोला, मग हळूहळू बदला.

हे सगळं ठीक असेल आणि तरी शुगर वरच असेल, तर शरीरात दुसरं काही इन्सुलिनला विरोध करतंय. किडलेले दात, हिरड्यांचा जंतुसंसर्ग, लघवीचा संसर्ग, स्वादुपिंडाची सूज, थायरॉइड. अंगाला खाज सुटते म्हणून कुणी स्टिरॉइडचं लांब चालणारं इंजेक्शन दिलंय का, तेही आठवा. त्याचा परिणाम आठवडेच्या आठवडे राहतो.

तुमच्या प्रश्नातलं एक वाक्य मला टोचलं. 'वजन मात्र वाढतंय, हीच एक चांगली गोष्ट.' ज्या मांजराची शुगर खरोखरच ४०० आहे ते खाऊन खाऊनही वाळतं. शुगर ४०० आणि वजन चढतं, हे जुळत नाही. एक तर घरी शुगर तितकी नसेल, किंवा मग अ‍ॅक्रोमेगलीचा विचार करायला हवा. यात मेंदूतल्या पिट्यूटरी ग्रंथीवर छोटी गाठ असते, ती वाढीचं संप्रेरक जादा सोडते आणि ते इन्सुलिनला काम करू देत नाही. हे फार दुर्मीळ समजायचे. मग २०१५ साली ब्रिटनमध्ये १,२२१ मधुमेही मांजरांची तपासणी प्रसिद्ध झाली, त्यात साधारण चारातल्या एकाच्या रक्तात याचा संशय घेण्याजोगी पातळी निघाली. जुने फोटो काढून बघा: तोंड रुंद झालंय का, पंजे मोठे, खालचा जबडा पुढे? आयजीएफ-१ नावाची रक्ततपासणी करतात, इन्सुलिन सुरू होऊन दीड-दोन महिने झाल्यावर ती जास्त भरवशाची, म्हणजे तुमची वेळ झालेलीच आहे. हेच निघालं तर लागणारं इन्सुलिन कितीतरी जास्त असतं, आणि मग ५ काय, १० युनिटही कमी पडू शकतात. पण ते निदानानंतर, चाचपडत नाही.

गोळ्यांबद्दल विचारलंय. अमेरिकेत २०२२मध्ये बेक्साग्लिफ्लोझिन आणि २०२३मध्ये व्हेलाग्लिफ्लोझिन अशी मांजरांसाठीची दोन औषधं मंजूर झाली, पण तिथेही ती आधी इन्सुलिन न घेतलेल्या मांजरांसाठीच. तुमचा बोका त्यात बसत नाही. घरातल्या कुणाच्या शुगरच्या गोळीचा तुकडा देऊन बघू, हे तर चुकूनही नको.

दोन वेळा अशा आहेत जेव्हा काही वाचत बसायचं नाही. लडखडायला लागला, डोळे शून्यात, अचानक वेड्यासारखी भूक किंवा झटके आले तर शुगर खाली गेली आहे: मध किंवा ग्लुकोजचं पाणी हिरड्यांवर चोळा (घशात ओतू नका), आणि दवाखाना गाठा. दुसरं, खाणं सोडलं, उलट्या, मलूल पडून राहिला, तोंडाला नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास, तर किटोन (साखरेऐवजी चरबी जळली की रक्तात साठणारी आम्लं) वाढलेत. रात्री दोनला असलं तरी निघा. लघवीतले किटोन बघायच्या पट्ट्या मेडिकलमध्ये मिळतात, घरात ठेवा. आणि बोका जेवला नसेल तर नेहमीचा पूर्ण डोस देऊ नका, आधी डॉक्टरांना फोन.

डोस बदललाच तर पुढचा बदल किमान आठवडाभर करू नका. ग्लार्जिनचा पूर्ण परिणाम दिसायला काही दिवस लागतात. दर चार दिवसांनी वाढवत गेलं की आपण योग्य डोस ओलांडून पुढे जातो आणि ते कळतही नाही.

तुमच्याबद्दल. 'मांजराला कसलं आलंय इन्सुलिन' हे मीही ऐकलंय, गणपतीत गावी गेलो की तर दर वर्षी. समजावायच्या फंदात पडले नाही. त्यापेक्षा घरातल्या आणखी एकाला टोचायला शिकवलं, आमच्याकडे कॉलेजात जाणारा पुतण्या तयार झाला. एकट्याने सकाळ-संध्याकाळ हे ओढलं की माणूस मोडतो. वेळही मिनिटावर पाळायची नाही, तासभर मागेपुढे चालतं. लोकल चुकली म्हणून रडू नका.

'पुरे करा' म्हणणाऱ्यांना सध्या एवढंच सांगा की मागचे पाय हा निकाल नाही. चढ्या शुगरने नसा दुखावल्या की मांजर असं टाचेवर चालतं, आणि शुगर उतरली की अनेकांचे पाय काही आठवड्यांत, कधी महिन्यांत, पुन्हा उचलले जातात. काही मांजरांचं तर इन्सुलिनच सुटतं, विशेषतः पहिल्या काही महिन्यांत शुगर नीट हाताळली तर. तुम्ही अजून त्या काळातच आहात. तोवर फरशीवर घसरू नये म्हणून जुनी सतरंजी टाका, लिटर ट्रेची एक बाजू कापून खाली करा.

या रविवारी कर्व्ह काढा. डॉक्टरांकडे जाताना तो कागद, इन्सुलिनची बाटली, वापरता ती सिरिंज आणि खाण्याचं पाकीट, चारही सोबत न्या, बोक्याला घरी ठेवलंत तरी चालेल.